बिनशिंपल्याची कालवं कशी शिजवावीत

शिंपल्यातून काढलेली कालवं बरणीत किंवा डब्यात घरी आली की बहुतेकांना पहिला प्रश्न पडतो तो मसाल्याचा. खरं तर आधी विचार करायला हवा पाण्याचा. बरणीत कालवं ज्यात बुडालेली असतात ते त्यांच्याच अंगचं खारट पाणी असतं, आणि गरम भांड्यात पडली की मिनिटभरात ती आणखी पाणी सोडतात. तळताना तेल उडतं ते या पाण्यामुळे. कोटिंग सुटून तेलात तरंगायला लागतं तेही या पाण्यामुळेच. तव्यावर खरपूस व्हायची ती कालवं उकडल्यासारखी पांढरट होतात, त्यामागेही तेच. पण चवीचा मोठा वाटाही त्याच पाण्यात असतो, त्यामुळे ते ओतून देऊन चालत नाही. कुठे ते पूर्ण टिपून घ्यायचं आणि कुठे सगळं वापरायचं, हे कळलं की पाककृती कुठलीही असली तरी जमते.

घेताना काय बघायचं

गर फुगीर, मलईसारख्या रंगाचा आणि कडेला काळसर-करड्या झालरीचा असावा. वास समुद्राच्या पाण्याचा, हलका. आंबूस किंवा अमोनियासारखा वास आला तर तिथेच सोडून द्या, धुऊन तो जात नाही. बरणीतलं पाणी स्वच्छ किंवा किंचित दुधट असतं. ते गुलाबी दिसलं तर त्यात यीस्ट वाढलेलं असू शकतं, असा माल टाकून द्यावा.

हिरवट छटेला मात्र घाबरू नका. कालवं सूक्ष्म शैवाल गाळून खातात आणि त्याचा रंग अंगात उतरतो. फ्रान्समधल्या मारेन-ओलेराँ भागात तर एका निळसर सूक्ष्म शैवालामुळे कालवांचे कल्ले हिरवे होतात आणि त्यासाठी लोक मुद्दाम जास्त पैसे मोजतात. क्वचित एखाद्या कालवात चिमुकला, मऊ खेकडा सापडतो. तोही निरुपद्रवी. मोती सापडला तर ठेवून द्या, पण खायच्या कालवातल्या मोत्याला चकाकी नसते, त्यामुळे सराफाकडे जायची घाई नको.

आकार ठरवून घ्या. छोटी कालवं सूप, भात, भजी यांत चांगली. तळायला, तव्यावर आणि सळईवर मध्यम ते मोठी हवीत, कारण बाहेरून रंग येईपर्यंत छोटं कालव आतून आटून गेलेलं असतं. अंडी घालण्याच्या उन्हाळी हंगामात कालवं मऊ, पातळ आणि दुधट होतात. थंडीत त्यांच्या अंगात ग्लायकोजेन (साखरेचा साठवणीचा प्रकार) साठतं, म्हणून ती भरीव आणि गोडसर लागतात. पर्याय असेल तर तळण्यासाठी थंडीतली घ्या.

घरी आणल्यावर ४ अंश सेल्सिअस किंवा त्याखाली, त्यांच्याच पाण्यात ठेवा. बरणीवरची तारीख पाळाच, पण एकदा झाकण उघडलं की दोन दिवसांत संपवलेली बरी.

धुणं आणि टिपणं

१. बारीक गाळणीखाली वाडगा ठेवून बरणी त्यात रिकामी करा. वाडग्यातलं पाणी फेकू नका. पातळ फडक्यातून पुन्हा गाळलं की तळाची वाळू मागे राहते.

२. आता प्रत्येक कालव बोटांत धरून कडेने चाचपा. शिंपला फोडताना उडालेल्या कपच्या बहुधा चिकटून बसतात त्या स्नायूच्या टणक गोळ्याजवळ, जिथे कालव शिंपल्याला धरून होतं. डोळ्याला त्या दिसत नाहीत, अंगठ्याला लगेच लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण दाताखाली कपची आली की पुढची सगळी मेहनत वाया जाते.

३. कालवं फार बुळबुळीत किंवा मळकट असतील तर पाव किलोला दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आणि एक छोटा चमचा मीठ टाकून हलक्या हाताने, तळवा न दाबता, मिनिटभर फिरवा. पांढरं पीठ बघता बघता करडं होतं, कारण झालरीच्या चुण्यांत अडकलेला मळ त्यात उतरतो. मग थंड मिठाच्या पाण्यात दोनदा खळबळून घ्या. लिटरभर पाण्याला ३० ग्रॅम मीठ घेतलं की ते साधारण समुद्राइतकं खारट होतं. साध्या पाण्यात भिजत ठेवू नका: कालव फुगतं, चव निघून जाते आणि शिजताना ते शोषलेलं पाणी पुन्हा भांड्यात सोडतं.

४. कागदी नॅपकिनवर एकेक मांडा, वरून दुसरा नॅपकिन ठेवा आणि नुसता स्पर्श करून टिपा. पोट फुटेल इतकं दाबू नका. तळणार किंवा परतणार असाल तर दहा मिनिटांनी कोरड्या नॅपकिनवर पुन्हा टिपा. सूप किंवा भात करायचा असेल तर ही पायरी सोडली तरी बिघडत नाही.

किती शिजवायचं

पाककृतींमध्ये सर्रास लिहिलेलं असतं, 'कडा आक्रसल्या की उतरवा'. चवीच्या दृष्टीने ते बरोबर आहे. कालवाची झालर उष्णतेने आकसते आणि तिला चुण्या पडतात, तेव्हा ते सर्वांत मऊ असतं. पण सुरक्षिततेसाठी तेवढं पुरत नाही. कालवं पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातले व्हिब्रिओ जिवाणू आणि नोरोव्हायरस त्यांच्या अंगात साठू शकतात. नोरोव्हायरस तर ६३ अंश सेल्सिअसपर्यंतही तग धरतो.

शिंपल्यातून काढलेल्या कालवांसाठी अमेरिकेतल्या आरोग्य यंत्रणा जे किमान आकडे देतात ते लक्षात ठेवायला सोपे आहेत: उकळत्या पाण्यात ३ मिनिटं, १९० अंशांच्या तेलात ३ मिनिटं, वरून आच देणाऱ्या ग्रिलखाली ७–८ सेंटिमीटर अंतरावर ३ मिनिटं, आणि २३० अंशांच्या ओव्हनमध्ये १० मिनिटं. मी स्वयंपाकघरात हेच आकडे धरून चालतो. तीन मिनिटांत छोटं कालव थोडं घट्ट होतं, हे मान्य. त्यावर उपाय एकच: मोठं कालव घ्यायचं. वेळ कमी करायची नाही.

लिंबू, व्हिनेगर, तिखट सॉस किंवा दारू यांनी कालव 'शिजत' नाही आणि व्हिब्रिओही मरत नाहीत. यकृताचा आजार, मधुमेह किंवा कमकुवत प्रतिकारशक्ती असलेल्यांनी कच्च्या-अर्धकच्च्या कालवांच्या वाटेला जाऊच नये. विषारी शैवाल वाढलेल्या पाण्यातल्या कालवांमधलं विष शिजवूनही नष्ट होत नाही, म्हणून परवानगी असलेल्या पाण्यातला आणि खात्रीच्या विक्रेत्याकडचाच माल घ्यावा. कुणाला शिंपल्यातल्या जिवांची ॲलर्जी असेल तर तळणीचं तेलही वेगळं ठेवा.

अंगच्या पाण्यात शिजवणं

बाकी काही शिकला नाहीत तरी एवढं शिका, कारण पुढच्या निम्म्या पाककृती यावरच उभ्या आहेत.

गाळून ठेवलेलं पाणी छोट्या पातेल्यात घ्या. कालवं जेमतेम बुडायला हवीत. कमी पडलं तर साधं पाणी किंवा भाज्यांचा स्टॉक घाला. मीठ आत्ता अजिबात नको. उकळी आली की वर करडा फेस येतो, तो चमच्याने काढा. आता कालवं टाका. पाण्याची उकळी बसते. ती पुन्हा फुटली की तिथून तीन मिनिटं मोजा, आच मध्यम ठेवा. या वेळात भांड्याजवळच थांबा, बघण्यासारखं असतं: आधी झालर थरथरते, मग तिला बारीक चुण्या पडतात, गर पारदर्शक-करड्याचा घट्ट पांढरा होतो आणि पोट गोल फुगून वर येतं. वेळ झाली की झाऱ्याने लगेच ताटलीत काढा. पातेल्यात ठेवलीत तर आच बंद केल्यावरही ती शिजत राहतात.

मागे उरलेलं पाणी निम्मं होईपर्यंत आटवा आणि चाखून बघा. इतकं खारट आणि गोडसर लागतं की पुढे कशातही मीठ घालताना हात आपोआप आखडतो. ही कालवं लोणी, मिरपूड आणि त्या आटवलेल्या पाण्याच्या दोन चमच्यांसोबत पावाबरोबर खाल्ली तरी जेवण होतं. गार करून लिंबू, बारीक कांदा आणि कोथिंबीर घातली की कोशिंबीर तयार. आंबट मुरलेली हवी असतील तर अर्धा कप व्हिनेगर, अर्धा कप आटवलेलं पाणी, काळी मिरी आणि तमालपत्र गरम करून थंड करा आणि त्यात फ्रिजमध्ये रात्रभर मुरवा. आंबट द्रावणात घालण्याआधी ती पूर्ण शिजलेली असली पाहिजेत, हे विसरू नका.

दुधातलं सूप

पाव किलो कालवांना अर्धा लिटर सायीचं दूध. दोन चमचे लोण्यावर एक बारीक चिरलेला कांदा रंग न येऊ देता मऊ करा, त्यात गाळलेलं पाणी घालून उकळा, फेस काढा आणि कालवं टाकून वर सांगितल्याप्रमाणे तीन मिनिटं शिजवा. दूध वेगळ्या भांड्यात वाफा येईपर्यंतच तापवा, उकळू नका. कालवांच्या भांड्याखालची आच बंद करा आणि मग दूध ओता. क्रम उलटा केला, म्हणजे दुधात कालवं टाकून उकळत बसलात, तर खारट पाण्याने दूध फुटण्याची शक्यता वाढते. बटाटा किंवा मका घालून सूप दाट करायचं असेल तर ते आधीच कांद्याबरोबर शिजवून घ्या, कालवं शेवटीच. मीठ अगदी शेवटी, चाखून. मिरपूड सढळ हाताने. लिंबू भांड्यात न पिळता वाडग्यात पिळा.

तव्यावर परतून

इथे पाणी शत्रू. कालवं दोनदा टिपलेली हवीत. जाड बुडाचं पसरट पॅन चांगलं तापवा, चमचाभर तेल आणि चमचाभर लोणी घाला. नुसतं लोणी एवढ्या आचेला करपतं. कालवांवर मैदा किंवा तांदळाचं पीठ भुरभुरवून जास्तीचं झटका. पीठ लावून ठेवू नका, पाच मिनिटांत ते ओलं चिकट होतं. एका वेळी पॅनचा अर्धाच तळ भरेल इतकीच टाका. चर्र आवाज यायला हवा. आवाज बसला आणि पॅनमध्ये पाणी दिसायला लागलं तर समजा की गर्दी झाली: निम्मी काढा, पाणी आटू द्या, मग पुढे चला.

मोठ्या कालवाला एका बाजूने दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूने दोन. शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठेचलेला लसूण घाला, आधी घातला तर कडू होतो. पॅनमधली कालवं काढली की त्यातच गाळलेलं पाणी अर्धा कप ओतून खरवडा, आटवा, गार लोण्याचा एक तुकडा घाला आणि तो रस वरून ओता. तळाला चिकटलेला तो तपकिरी थर धुऊन टाकणारे लोक मला कळत नाहीत.

तळून

कुरकुरीत बाहेर आणि रसरशीत आत, यासाठी काढलेल्या कालवांइतकं योग्य दुसरं काही नाही. पण जोखीमही इथेच जास्त आहे, म्हणून सावकाश वाचा.

तीन ताटल्या मांडा. पहिलीत मैदा आणि मिरपूड. दुसरीत एक अंडं, चमचाभर पाणी घालून फेटलेलं. तिसरीत जाडसर, कोरडा ब्रेडचा चुरा किंवा मक्याचं रवाळ पीठ. पिठात मीठ घालू नका. मीठ कालवातलं पाणी ओढून घेतं आणि कोटिंग आतून ओलं होतं. मीठ तळल्यावर वरून.

१. टिपलेलं कालव मैद्यात घोळवा. झालरीच्या चुण्यांत पीठ पोहोचलं पाहिजे, अंडं तिथेच धरतं. जास्तीचं झटका.

२. एका हाताने अंड्यात बुडवा, दुसऱ्या कोरड्या हाताने चुऱ्यात. दोन्ही कामं एकाच हाताने केली तर बोटांवरच कोटिंग चढतं.

३. चुरा हलकेच दाबा, ताटात सुटी सुटी मांडा आणि दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. या दहा मिनिटांत अंडं आणि चुरा एकमेकांना धरतात.

४. खोल कढईत पाच सेंटिमीटर तेल घ्या, पण कढई निम्म्यापेक्षा जास्त भरू नका. थर्मामीटरने १९० अंश बघा. अंदाजाने तळणाऱ्यांचाही इथे हमखास घोळ होतो, कारण थंड, पाणीदार कालवं पडताच तापमान झपाट्याने उतरतं.

५. एका वेळी पाच-सहा. तेलाच्या अगदी जवळ नेऊन, आपल्यापासून दूरच्या बाजूला सोडा. अधूनमधून एखादं फुटून तेल उडतं, म्हणून जाळीचं झाकण हाताशी ठेवा. पूर्ण झाकण ठेवू नका, वाफेचे थेंब तेलात पडतात. तीन मिनिटं. दोनच मिनिटांत गडद तपकिरी झाली तर तेल जास्त तापलं आहे, आच कमी करा.

६. कागदावर नाही, तारेच्या जाळीवर निथळा. कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते. पुढची खेप टाकण्याआधी तेल पुन्हा १९० ला येऊ द्या आणि तरंगणारा चुरा काढा.

मीठ, लिंबू, आणि ताबडतोब ताटात. सगळ्यांचं तळून होईपर्यंत वाट बघायची नाही, ज्याचं आधी झालं त्याने आधी खावं.

त्याच तेलात भजीही होतात. कालवं शिजवून, चिरून, पुन्हा टिपून घ्या. एक कप मैदा, चमचाभर बेकिंग पावडर, एक अंडं आणि अर्धा कप गार आटवलेलं पाणी असं दाट पीठ भिजवा, त्यात कालवं आणि पातीचा कांदा घालून चमच्याने सोडा. छोट्या किंवा फुटलेल्या कालवांचं याहून चांगलं काही होत नाही.

ओव्हन, ग्रिल, सळई

ओव्हनसाठी उथळ भांडं घ्या आणि कालवांचा एकच थर लावा. दोन थर लावले की खालची उकडतात. वर वितळलेल्या लोण्यात परतलेला ब्रेडचा चुरा, लसूण, पार्सली किंवा कोथिंबीर आणि थोडं किसलेलं चीज. दोन-तीन चमचे आटवलेलं पाणी शिंपडा, जास्त नाही. आधीच २३० अंशांना तापवलेल्या ओव्हनमध्ये १० मिनिटं. भांडं खोल असेल तर वेळ वाढवा.

सळईवर लावताना स्नायूच्या टणक भागातून टोचा, पोटातून टोचलेलं कालव घसरून निखाऱ्यात पडतं. लाकडी सळया अर्धा तास भिजवून घ्या. बेकन गुंडाळायचं असेल तर ते आधी निम्मं परतून घ्या, नाहीतर बेकन कुरकुरीत होईपर्यंत आतल्या कालवाचं रबर होतं.

मायक्रोवेव्हबद्दल एवढंच: नको. आतली वाफ कोंडून कालवं फुटतात आणि शिजतातही असमान.

भात

तांदूळ धुऊन निथळत ठेवा. गाळलेल्या पाण्यात चमचाभर सोया सॉस आणि आल्याचे बारीक काप घालून कालवं तीन मिनिटं शिजवा आणि बाहेर काढा. उरलेल्या पाण्यात साधं पाणी मिसळून तांदळाला लागेल तेवढं माप करा आणि त्यात भात शिजवा. आच बंद केल्यावर कालवं वर पसरा आणि झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ मुरू द्या. भाताबरोबर सुरुवातीपासून शिजवलेली कालवं चिवट आणि एवढीशी होतात.

तेलात मुरवलेली

दोन दिवसांत संपणार नसतील तेव्हा हे करा. कोरड्या पॅनमध्ये मध्यम आचेवर कालवं टाका. ती पाणी सोडतील, ते फेसाळेल, दाट होईल आणि शेवटी कालवांना चकचकीत चिकटून बसेल. दहाएक मिनिटं लागतात. चमचाभर ऑयस्टर सॉस घालून आणखी एक मिनिट परता. पूर्ण गार करून स्वच्छ बरणीत भरा, तमालपत्र आणि सुकी मिरची घाला आणि बुडेल इतकं तेल ओता. कच्चा लसूण टाकू नका. तेलाखाली हवा पोहोचत नाही आणि तिथे बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, म्हणून बरणी लगेच फ्रिजमध्ये, आणि चार दिवसांत फस्त. ओट्यावर अजिबात नाही. उरलेलं तेल नूडल्सवर घालता येतं, त्याच मुदतीत.

कच्ची कालवं गोठवायची असतील तर त्यांच्याच पाण्यात, उणे १८ अंशांना, तीन-चार महिन्यांपर्यंत ठेवता येतात. वितळवायची ती फ्रिजमध्ये रात्रभर, बाहेर ओट्यावर नाही. गोठलेल्या कालवाचा पोत मऊ पडतो आणि ते दुप्पट पाणी सोडल्यासारखं वाटतं, त्यामुळे ती तळायला घेऊ नका, सूप आणि भज्यांसाठी ठेवा. तळलेली उरलीच तर २०० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर वाफ निघेपर्यंत गरम करा. चिवट होतात, पण पावात भरपूर सॉस घालून खपतात.